अंडरड्राइव्ह पुली बसवावी का? इंदूरच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

खालचे हिशेब १.२ लिटरच्या, चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनावर केले आहेत, कारण इंदूरच्या रस्त्यांवर अशीच इंजिनं सर्वांत जास्त दिसतात. उदाहरणात क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरची) १४० मिलिमीटर व्यासाची आणि अल्टरनेटरची (गाडीची वीज तयार करणाऱ्या यंत्राची) ५५ मिलिमीटर धरली आहे. आपल्या गाडीच्या पुल्या व्हर्नियरने मोजा आणि तेच गणित पुन्हा मांडा.

अंडरड्राइव्ह पुली म्हणजे नक्की काय?

इंजिनाच्या टोकाला क्रँकवर एक पुली असते. तिच्यावरून जाणारा पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो. क्रँकवरची पुली लहान केली किंवा समोरच्या यंत्रांच्या पुल्या मोठ्या केल्या, की इंजिन तेवढंच फिरत असताना ही यंत्रं हळू फिरतात. तिला अंडरड्राइव्ह म्हणतात. बाजारातले बहुतेक किट यंत्रांचा वेग १५ ते २५ टक्क्यांनी उतरवतात.

'हलकी पुली' ही वेगळी वस्तू आहे. तिचा व्यास मूळ पुलीएवढाच असतो, फक्त लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम वापरलेलं असतं. दुकानदार दोन्ही एकाच नावाने विकतात, म्हणून घेताना आधी व्यास विचारा. आणि सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राची, पुली लहान करून हवेचा दाब वाढवतात, तो याच्या बरोबर उलटा प्रकार. त्याचा इथे संबंध नाही.

पॉवर खरंच वाढते का? किती?

इंजिन तयार करतं ती पॉवर तेवढीच राहते. मधली यंत्रं खातात त्यातली थोडी वाचते. किती वाचते हे बघायला प्रत्येक यंत्राचा हिशेब वेगळा लावावा लागतो.

वॉटर पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग पाऊणपट केला तर शक्ती ०.७५ × ०.७५ × ०.७५, म्हणजे ०.४२ पट लागते. बचत ५८ टक्के! हा आकडा बघूनच लोक भुलतात. पण ५८ टक्के कशाचे? छोट्या इंजिनाचा पंप ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेरे) साधारण दीड हॉर्सपॉवर खातो. म्हणजे वाचली जेमतेम पाऊण-एक हॉर्सपॉवर, तीही रेडलाइनजवळ, म्हणजे इंजिनाच्या कमाल वेगाजवळ. २००० आरपीएमला तोच पंप घनाच्याच नियमाने २७ पट कमी शक्ती घेतो. तिथे वाचवायला काही उरतच नाही.

अल्टरनेटरचं गणित निराळं आहे. दिवे, पंखा, फ्युएल पंप जेवढी वीज मागतील तेवढी त्याला द्यावीच लागते. ६० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ८४० वॅट, आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५-६० टक्के धरली तर पट्ट्यावर सुमारे दीड किलोवॅटचा, म्हणजे दोन हॉर्सपॉवरचा भार. तो हळू फिरवला म्हणून दिव्यांची भूक कमी होत नाही. कमी होतं ते फक्त आतल्या पंख्याचं आणि बेअरिंगचं घर्षण.

एसीचा कॉम्प्रेसर सर्वांत खादाड, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतःच कॉम्प्रेसर सोडवतो. म्हणजे ज्या क्षणी पॉवर हवी असते तेव्हा तो पट्ट्यावर नसतोच. राहिला स्टिअरिंगचा पंप. आजच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, पंपच नाही.

सगळी बेरीज केली तर अशा इंजिनात ६००० आरपीएमला एक ते दोन हॉर्सपॉवर सुटतात. शहरात आपण १५०० ते २५०० आरपीएममध्ये गाडी चालवतो. फायदा जिथे आहे तिथे आपण जात नाही आणि आपण असतो तिथे फायदा नाही.

मग अमेरिकेतले लोक दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढल्याचं सांगतात, ते खोटं?

सगळं खोटं नाही. इंजिन वेगळं आहे. ही पुली लोकप्रिय झाली ती १९८०-९० च्या दशकांतल्या फोर्ड मस्टँगसारख्या पाच लिटरच्या व्ही-८ गाड्यांमुळे. मोठा वॉटर पंप, हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप, एसी, सगळं एकाच पट्ट्यावर. खाणारी तोंडं मोठी होती म्हणून वाचवायलाही बरंच होतं. शिवाय शर्यतीच्या गाडीत इंजिन सतत ६०००-७००० च्या वर फिरतं. तिथे पंपाची पाती पाण्यात बुडबुडे काढू लागतात, प्रवाह तुटतो, पट्टा उडतो. या सगळ्यांचा वेग खाली आणणं हे पुलीचं मूळ काम होतं. दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीचा आकडा ८५ हॉर्सपॉवरच्या गाडीवर चिकटवला की फसगत होते.

माझ्या गाडीत पट्ट्यावर काय काय आहे ते कसं बघू?

बॉनेट उघडा आणि पट्ट्याच्या वाटेवर बोट फिरवा, अर्थात इंजिन बंद असताना. आडव्या इंजिनाच्या गाडीत जागा अरुंद असते. बहुतेक गाड्यांत पुढचं उजवं चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की सगळं दिसतं. स्टिअरिंगच्या तेलाची बाटली बॉनेटमध्ये नसेल तर स्टिअरिंग विजेवरचं, इतकं सोपं आहे.

वॉटर पंप कशावर फिरतो हे आवर्जून बघा. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेटमध्ये तो बाहेरच्या पट्ट्यावर आहे. होंडाच्या जुन्या डी आणि बी मालिकेतल्या इंजिनांत टायमिंग बेल्टवर. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये तो कॅमशाफ्टवरून स्वतंत्र छोट्या दातेरी पट्ट्याने चालतो. शेवटच्या दोन प्रकारांत पुढची पुली बदलून पंपाला काहीच फरक पडत नाही. म्हणजे पंपाची बचतही गेली.

इंदूरच्या उन्हाळ्यात काय होईल?

खरी अडचण इथेच आहे. पाच महिने एसीशिवाय गाडी चालत नाही, मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि गाडी अर्धा वेळ सिग्नलवर स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू ठेवून, उभी असते.

एसी चालू असताना स्लो ८५० आरपीएम धरा. मूळ पुलीवर अल्टरनेटर फिरतो ८५० × १४० ÷ ५५, म्हणजे सुमारे २१६० आरपीएमने. क्रँक पुली २५ टक्क्यांनी लहान, म्हणजे १०५ मिलिमीटर केली की हा वेग १६२० वर येतो. कागदावर एवढंसं वाटतं. पण अल्टरनेटरचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. साधारण १०००-१२०० ला तो वीज द्यायला लागतो आणि २००० च्या आसपास झपाट्याने वर जातो. गरम झालेला ९० अँपिअरचा अल्टरनेटर २१६० ला ४५-५० अँपिअर देत असेल तर १६२० ला जेमतेम २५ देतो.

आता मागणी बघा. हेडलाइट आणि मागचे दिवे १० अँपिअर, एसीचा ब्लोअर पूर्ण वेगात १२ ते १५, रेडिएटरचा पंखा १२ ते १५, फ्युएल पंप, इग्निशन आणि इंजेक्टर मिळून ८ ते १०, कॉम्प्रेसरचा क्लच ३-४. बेरीज ४५ च्या वर. मूळ पुलीवर जेमतेम भागत होतं. आता २० अँपिअरची तूट बॅटरी भरून काढते. दोन मिनिटांच्या सिग्नलला ०.६७ अँपिअर-तास. विजयनगरपासून रसोमा, एलआयजी, पलासिया करत संध्याकाळी राजवाड्यापर्यंत दहा थांबे लागले तर पावणेसात अँपिअर-तास, म्हणजे ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा. मध्ये गाडी चालते तेव्हा थोडं भरून येतं, पूर्ण येत नाही. गाडी त्या दिवशी बंद पडत नाही, म्हणून कोणाला पुलीवर संशय येत नाही. बॅटरी मात्र वेळेआधी जाते आणि दोष बॅटरीवाल्याला दिला जातो.

एसीचंही तसंच. कॉम्प्रेसरचा वेग स्लोवर चतुर्थांशाने घटतो, गॅस तितका कमी फिरतो. गाडी धावताना गारवा ठीक राहतो, सिग्नलला मात्र झडपेतून येणारी हवा कोमट होते. वॉटर पंपही याच वेळी चतुर्थांशाने कमी पाणी फिरवतो. रेडिएटरमध्ये गाळ नसेल, कूलंट नवं असेल, पंखा धड असेल तर इंजिन ते सोसतं. नळाचं पाणी भरून चालवलेली जुनी गाडी सोसत नाही. मानपूरकडच्या घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चढ्या आरपीएमवर असताना, त्रास उलट कमी होतो. तापते ती गर्दीत.

माइलेज वाढेल का?

कळण्याइतकं नाही. २५०० आरपीएमला दीड हॉर्सपॉवरचा पंप ०.११ हॉर्सपॉवरच खातो. त्यातले ५८ टक्के वाचले म्हणजे सुमारे ४७ वॅट, एका हेडलाइट बल्बएवढे. ताशी ८० ला गाडीला दहा-बारा हॉर्सपॉवर लागते. बचत अर्धा टक्का. देवास बायपासला टायरमध्ये हवा बरोबर भरून घ्या, त्याने याहून जास्त मिळेल.

मूळ क्रँक पुलीत रबर कशासाठी असतं? घन ॲल्युमिनियमची घातली तर काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी विचारला जातो.

मूळ पुली काढून समोरून बघा. मधला तुंबा आणि बाहेरचं पट्ट्याचं कडं यांच्यामध्ये काळ्या रबराची बारीक गोल रेघ दिसेल. ही नुसती पुली नसून डॅम्पर आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. ३००० आरपीएमला सेकंदाला १०० तडाखे. प्रत्येक तडाख्याला क्रँक किंचित पिळला जातो आणि सुटतो. एखाद्या ठरावीक आरपीएमला ही पीळ क्रँकच्या स्वतःच्या कंपनाशी जुळते, आणि झोका योग्य वेळी ढकलत राहिल्यासारखी वाढत जाते. बाहेरचं जड कडं रबरावर मागे-पुढे सरकून ती पीळ गिळतं. म्हणून डॅम्पर चालून चालून कोमट होतो, तेच त्याचं काम चालू असल्याचं लक्षण.

घन पुली घातली की गिळणारं कोणी राहत नाही. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये काही होत नाही, उलट इंजिन हलकं वाटतं. पुढे क्रँक बोल्ट सैल होणं, चावीची (पुली क्रँकवर फिरू न देणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच रुंद होणं, टायमिंग चेनचा टेन्शनर लवकर झिजणं, असं सुरू होतं. ज्या इंजिनांत ऑइल पंपाचं गिअर थेट क्रँकच्या नाकावर बसतं तिथे धोका सगळ्यांत मोठा. ते गिअर दाबलेल्या धातुभुकटीचं असतं, लवचीक नसतं. तडकलं की तेलाचा दाब एका सेकंदात शून्य.

आखूड क्रँकचं छोटं इंजिन हे बराच काळ निभावून नेतं, आणि काही छोट्या इंजिनांना कंपनीनेच साधी पुली दिलेली असते. तिथे ॲल्युमिनियमची चालेल. पण मूळ पुलीत रबर असेल तर ते कंपनीने हौस म्हणून घातलेलं नाही. अंडरड्राइव्ह हवीच असेल तर डॅम्परसकट मिळणारीच घ्या.

तीन सिलिंडरची गाडी आहे. चालेल?

आधी पुलीचा मागचा भाग बघा. तीन सिलिंडरचं इंजिन पुढे-मागे डोलतं. काही ठिकाणी ते डोलणं वळवायला फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेली असते. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये बॅलन्स शाफ्ट नाही, हीच युक्ती आहे. तिथे समतोल केलेली गुळगुळीत पुली घातलीत तर स्लोवर आरसे थरथरतील.

डिझेलमध्ये?

नको. डिझेलचे तडाखे पेट्रोलपेक्षा कितीतरी जोरकस, म्हणून डॅम्पर मोठा आणि अल्टरनेटरवर बहुधा एकाच दिशेने ओढणारी क्लचवाली पुली. शिवाय डिझेल रेडलाइनला जातं कुठे? बरीच चाललेली गाडी असेल तर मूळ डॅम्परचंच रबर तपासून, खराब असेल तर डॅम्पर बदलला तर पैसे सत्कारणी लागतील.

स्मार्ट हायब्रिड गाडी आहे.

अजिबात हात लावू नका. त्यात पट्टा दोन्ही दिशांनी काम करतो. कधी इंजिन जनरेटरला फिरवतं, कधी जनरेटर मोटर होऊन इंजिनाला ढकलतो आणि सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा चालू करतो. पुलीचं गुणोत्तर बदललं की ईसीयूचे सगळे हिशेब चुकतात.

हलकी पुली, व्यास तोच. तिचा तरी फायदा?

थोडा, आणि फक्त खालच्या गिअरमध्ये. दोन किलोच्या लोखंडी पुलीऐवजी सहाशे ग्रॅमची घातली तर फिरता जडपणा साधारण ०.००५ किलो-वर्गमीटरने घटतो. पहिल्या गिअरमध्ये, एकूण गुणोत्तर १५ आणि चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर धरली, तर हे गाडीतून १३ किलो उतरवल्याबरोबर आहे. पाचव्या गिअरमध्ये अर्धा किलो. डिकीतलं सामान घरी ठेवलं तरी तेवढंच काम होतं, आणि ते पाचव्या गिअरमध्येही होतं. ॲक्सिलरेटर दिल्यावर काटा चपळपणे उठतो ते खरं. कानाला बरं वाटतं, स्टॉपवॉचला फारसं नाही. डॅम्परचा प्रश्न इथेही तसाच.

पोलोग्राउंडला खरादवर मूळ पुलीच घासून लहान करून घेतली तर?

पुलीवरच्या खाचा ठरावीक मापाच्या असतात. दोन खाचांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर, कोन ४० अंश. खरादवाल्याकडे त्या आकाराचं टूल असेल तर नवी पुली तो चांगली बनवेल. पण मूळ डॅम्परचं कडं घासलं तर त्याचं वजन घटतं आणि तो ज्या कंपनासाठी जुळवलेला होता ते जुळत नाही. शिवाय कडं ओतीव लोखंडाचं, खाचांच्या खाली जाडी फारशी नसते. ३५ मिलिमीटर व्यास कमी करायला तिथे धातूच नसतो.

फक्त अल्टरनेटरची पुली मोठी केली तर?

सगळ्या पर्यायांतला सर्वांत निरुपयोगी. वर सांगितलंच, अल्टरनेटरचा भार वेगावर नाही, मागणीवर ठरतो. उलट कोणी २५ टक्के लहान क्रँक पुली घालत असेल तर अल्टरनेटरची पुली त्याच प्रमाणात लहान करून त्याचा वेग पूर्ववत करावा. ५५ ची ४१ लागेल, पण या पट्ट्याला ४५ मिलिमीटरपेक्षा लहान पुली मानवत नाही, पट्टा जास्त वाकून लवकर तडकतो. म्हणजे क्रँकला १५-१८ टक्क्यांच्या पुढे जाऊच नये.

तरी बसवायचीच आहे. काम कसं करावं?

बॅटरीची ऋण तार सोडा. पुढचं उजवं चाक उतरवा, गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर टेकवा. पट्टा काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो घ्या. सहा पुल्यांवरून उलटसुलट गेलेला पट्टा नंतर आठवणीतून बसत नाही. टेन्शनरला पाना लावून ढील द्या, पट्टा उतरवा.

क्रँक बोल्ट सोडवण्याआधी गाडीचं मॅन्युअल बघणं सक्तीचं. काही इंजिनांत पुलीला चावी नसते. पुली आणि तिच्या मागचं टायमिंगचं चक्र दोन्ही फक्त बोल्टच्या दाबाने जागेवर असतात. टायमिंग लॉक न लावता बोल्ट सैल केला की चक्र सरकतं, आणि चालू करताना व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात. चावी असेल तर ही भीती नाही. क्रँक अडवायला फ्लायव्हीलचं लॉक किंवा पुली धरायचं खास टूल वापरा. पाना चेसिसला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती गॅरेजमध्ये सर्रास चालते. पाना सुटून हात आणि रेडिएटर दोन्ही जायचे असतील तरच करा.

पुलर नेहमी मधल्या तुंब्याच्या भोकांत लावा. बाहेरच्या कड्याला आकडे अडकवून ओढलं तर रबर फाटतं आणि मूळ पुली परत बसवायच्या लायकीची राहत नाही. ती जपून ठेवायची आहे, हे लक्षात असू द्या.

पुली निघाली की ऑइल सील बघा. ओलावा असेल तर आत्ताच बदला. काही इंजिनांत क्रँक सेन्सरचे दाते पुलीवरच असतात. नव्या पुलीवर ते नसतील तर गाडी चालूच होणार नाही, आणि हे बसवण्याआधी समजलेलं बरं. बोल्ट नवा घ्या, कारण बरेच बोल्ट एकदाच ताणायचे असतात. घट्ट करताना टॉर्क रेंच, आणि मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर ९० अंश लिहिले असतील तर तेवढेच. हवेच्या गनने घट्ट केलेला क्रँक बोल्ट किती घट्ट झालाय हे कोणालाच सांगता येत नाही.

मग सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. एक मिलिमीटर पुढे-मागे असली तरी पट्टा कुरकुरतो आणि एका बाजूने झिजतो. इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, कुठे अडत नाही ना बघा, मगच चावी मारा.

पट्टा कोणता लागेल?

पट्ट्यावर ६पीके१७५० असं काही छापलेलं असतं: सहा खाचा, लांबी १७५० मिलिमीटर. पट्टा क्रँक पुलीला साधारण अर्धा वेढा देतो, म्हणून व्यासातल्या फरकाला १.५७ ने गुणा. १४० ची १०५ केली तर ३५ × १.५७, म्हणजे ५५ मिलिमीटर. १७५० च्या जागी १६९५ लागेल. नेमका नाही मिळाला तर टेन्शनरची खूण त्याच्या दोन रेघांच्या मधे येते की नाही ते बघून जवळचा निवडा. जुनाच पट्टा ठेवून 'टेन्शनर खेचून घेईल' म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका. लहान पुलीवर आधीच पट्ट्याची पकड कमी, त्यात ढील. पहिल्या पावसात ओरडायला लागेल.

बसवल्यावर काय तपासायचं?

इंजिन गरम करा. एसी फुल, हेडलाइट हाय बीम, मागच्या काचेचा हीटर, पंखा, सगळं चालू. मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टोकांवर. स्लोवर १३.२ व्होल्टच्या वर असेल तर भागतंय. १२.७ च्या खाली म्हणजे बॅटरी उपसली जातेय. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर बॅटरीच्या तारेवर लावा, अँपिअर कोणत्या दिशेला वाहतात ते सरळ दिसतं. दुपारी दोनला, सावलीत नाही, उन्हात उभी करून वीस मिनिटं असंच ठेवा आणि ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) कूलंटचं तापमान बघा. पंखा लागून खाली येतं, पुन्हा चढतं, हा झुलवा ठीक. पंखा चालू असूनही आकडा चढतच राहिला तर त्याच दिवशी मूळ पुली परत बसवा. शंभर किलोमीटरनंतर पट्टा आणि क्रँक बोल्टची खूण पुन्हा बघा. बोल्टवर आणि पुलीवर मिळून पेंटची एक रेघ आधीच मारून ठेवली तर तपासणी दहा सेकंदांची.

फायदा झाला की नाही हे कसं मोजू?

अवघड आहे, आणि हेच पुरेसं बोलकं आहे. डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, तीच गाडी लागोपाठ दोनदा चालवली तरी आकड्यात एक-दोन टक्के फरक पडतो. ८५ हॉर्सपॉवरवर तो एक ते पावणेदोन हॉर्सपॉवर होतो, म्हणजे जेवढा फायदा शोधतोय तेवढाच. पुलीआधी तीन आणि पुलीनंतर तीन रन, त्याच दिवशी, त्याच तापमानाला, असे नसतील तर तो कागद फोटो फ्रेमला लावायच्या कामाचा. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक जवळ आहे खरा, पण एक हॉर्सपॉवर शोधायला कोणी तो भाड्याने घेणार नाही.

वॉरंटी, विमा, आरटीओ?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या बाबी बदलण्याबद्दल आहे; पुली त्यात येत नाही. वॉरंटीचं वेगळं. क्रँक, ऑइल पंप, अल्टरनेटर किंवा कॉम्प्रेसरचा दावा नाकारायला बाहेरची पुली हे कारण पुरतं. वॉरंटीतल्या गाडीत बसवू नका. विमा कंपनीला फेरफार लेखी कळवलेला बरा.

मग बसवावी कोणी?

फक्त ट्रॅकवर किंवा ड्रॅगला जाणारी, सतत वरच्या आरपीएमवर राहणारी, एसी काढून टाकलेली, हायड्रॉलिक स्टिअरिंगची गाडी. तिथे ती शोभते. जिप्सीसारख्या पट्ट्यावरच्या पंख्याच्या जुन्या गाड्यांत पुलीपेक्षा पंखा विजेचा करणं जास्त लाभाचं, कारण पंखाही वेगाच्या घनाने शक्ती खातो आणि वॉटर पंपापेक्षा कितीतरी मोठा असतो.

तेवढ्याच पैशात पिकअपसाठी काय करू?

नवे स्पार्क प्लग योग्य गॅपने, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, क्लच घसरत नाही ना याची खात्री, चिकटलेल्या ब्रेक कॅलिपरची दुरुस्ती. यातलं एखादं तरी दहा वर्षं जुन्या गाडीत बिघडलेलं असतंच, आणि ते पुलीपेक्षा जास्त पॉवर अडवून बसलेलं असतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, विरळ हवेमुळे साध्या इंजिनाचे पाच टक्के इथे आधीच जातात. ते कोणत्याही पुलीने परत येत नाहीत. टर्बो गाडी असेल तर चांगल्या ट्यूनरकडून रिमॅप (ईसीयूच्या प्रोग्रॅममधला फेरफार), त्याची तुलनाच नाही.

जुनी गाडी घेतली आणि त्यात आधीच अशी पुली निघाली. काय करू?

रबराची गोल रेघ आहे का ते बघा. असेल तर तुंब्यावरून कड्यापर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढा, शंभर किलोमीटर चालवा आणि परत बघा. रेघ तुटून दोन भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले तर रबर सुटलंय, पुली बदला. रबर नसेल आणि त्या इंजिनाला मूळ डॅम्पर असेल तर मूळ मापाचा डॅम्पर, नवा बोल्ट आणि मूळ लांबीचा पट्टा एकदमच आणा. पुली निघाल्यावर चावीच्या खाचेत नवी चावी घालून बोटाने हलवून बघा. खडखडली तर आधी क्रँकच्या नाकाचं काम, पुली नंतर.